चौकट कोण भरणार? वेबसाइटची वायरफ्रेम करताना

एखाद्या संस्थेनं वेबसाइट करायचं ठरवलं की पहिल्या बैठकीत चर्चा रंगते ती रंगावर. कुणाला भगवा हवा असतो, कुणाला 'जरा सोबर' काहीतरी. पंधरा दिवसांनी डिझायनर होमपेजचं चकचकीत चित्र घेऊन येतो, मंडळी लोगो थोडा मोठा करायला सांगतात आणि चहा घेऊन उठतात. संस्था किती वाजता उघडते हे त्या चित्रात कुठेच लिहिलेलं नाही, हे त्या दिवशी कुणाच्याच ध्यानात येत नाही. वेबसाइट सुरू होऊनही वेळ विचारणारे फोन येतच राहतात, तेव्हा ते कळतं. तोवर कोडिंग झालेलं असतं, अर्धे पैसे दिलेले असतात, आणि "तेवढी वेळ टाका की वरती" म्हटलं की डेव्हलपर सांगतो, "मग वरचा सगळा भाग हलवावा लागेल."

वायरफ्रेम ही या सगळ्याच्या आधी करायची गोष्ट. पानावर काय काय असेल, कोणत्या क्रमानं येईल, कशाला किती जागा मिळेल आणि कुठे बोट लावल्यावर काय उघडेल, एवढंच दाखवणारा काळा-पांढरा आराखडा. फोटोच्या जागी फुली मारलेली चौकट, बटणाच्या जागी साधा आयत, मथळ्याच्या जागी मथळा. रंग नाही, सजावट नाही. ती दिसायला रूक्ष असते आणि तशीच असलेली बरी, कारण पेन्सिलीच्या रेघांवर रंगाबद्दल मत देता येत नाही. बोलायला मग मजकूर आणि क्रम एवढंच उरतं, आणि नेमकं तेच बोलायचं राहून गेलेलं असतं.

जेसी जेम्स गॅरेट यांनी २००० साली वेबसाइटच्या घडणीचे पाच थर दाखवणारी एक आकृती प्रसिद्ध केली. सगळ्यांत खाली हेतू, त्यावर व्याप्ती, मग रचना, मग सांगाडा आणि सर्वांत वर डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग. वायरफ्रेम या चौथ्या थरातली, सांगाड्यातली. म्हणजे ती काढायला बसण्याआधी खालच्या तीन थरांचे निर्णय झालेले असायला हवेत. आपल्याकडे बहुतेक कामं पाचव्या थरापासून सुरू होतात आणि तिथेच अडकतात.

हे सगळं हवेत बोलण्यापेक्षा एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात अशा संस्थांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. आपलं उदाहरणातलं वाचनालय इतकं नामवंत नाही, पण त्यानंही शताब्दी साजरी केलेली आहे. एक ग्रंथपाल, एक लेखनिक, एक शिपाई, वर कार्यकारी मंडळ. सांगण्यासारखा इतिहास मोठा आहे, म्हणून होमपेजवर इतिहासच पसरण्याची भीतीही मोठी आहे.

आधी काउंटरवर बसा

पेन्सिल उचलण्याआधी एक-दोन संध्याकाळी वाचनालयाच्या काउंटरमागे खुर्ची टाकून बसा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. फोनवर काय विचारतात तेही लिहा. यादी साधारण अशी निघते: आज उघडं आहे का? अमुक पुस्तक तुमच्याकडे आहे का, की बाहेर गेलंय? सभासद व्हायला काय काय लागतं? वर्गणी किती, अनामत किती, आणि सोडलं तर अनामत परत मिळते का? अभ्यासिकेत जागा आहे का? यंदाची दिवाळी अंकांची योजना कधीपासून? वडिलांची पुस्तकं द्यायची आहेत, घेता का?

आता मंडळाला विचारा की वेबसाइटवर काय हवं. दुसरी यादी मिळेल: संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचं मनोगत, आजी-माजी पदाधिकारी, देणगीदारांची नावं, वर्धापनदिनाचे फोटो, मिळालेले पुरस्कार.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कळतं, त्यांच्यात सामाईक जवळजवळ काहीच नाही. दुसरी यादी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. देणगीदाराला आपलं नाव दिसायला हवं असतं आणि ते दाखवणं संस्थेचं कर्तव्यही आहे. पण होमपेज दुसऱ्या यादीवरून केलं तर ते लग्नपत्रिकेसारखं होतं: मानाप्रमाणे सगळ्यांची नावं, आणि कार्यालयाचा पत्ता शोधायला चष्मा काढावा लागतो.

पहिल्या यादीतल्या प्रश्नांचे गट करा. एकेक प्रश्न एकेका चिठ्ठीवर लिहून टेबलावर मांडला तर हे काम सोपं जातं, आणि मांडणी ग्रंथपालाकडून करून घेतली तर आणखी चांगलं, कारण वर्गीकरण हा त्यांचा रोजचा धंदा आहे. गटांतून पानं निघतात. आपल्या वाचनालयाला होमपेज, पुस्तकशोध, सभासदत्व, अभ्यासिका, आमच्याविषयी आणि संपर्क एवढी पानं पुरतात. 'उपक्रम', 'बातम्या', 'फोटो गॅलरी', 'वृत्तपत्र कात्रणं' अशी चार वेगवेगळी पानं मागितली जातील. वर्षातून कितीदा त्यांत भर पडणार ते विचारा. बहुतेकदा एकाच पानात भागतं.

अरुंद कागदावर

पहिली वायरफ्रेम मोबाइलची काढा. ल्यूक रोब्लेव्स्की यांनी 'आधी मोबाइल' ही कल्पना २००९ साली मांडली तेव्हा ती थोडी धाडसाची वाटत होती. आज गावातल्या वाचनालयाची वेबसाइट उघडणारा माणूस बहुधा रिक्षात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसून ती फोनवरच उघडतो. पण मोबाइलपासून सुरुवात करण्याचं माझ्या मते खरं कारण वेगळं आहे. रुंद स्क्रीनवर तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून 'सगळंच महत्त्वाचं' असं म्हणता येतं. फोनवर एकाखाली एकच मावतं, त्यामुळे पहिलं काय, हे ठरवल्यावाचून सुटका नसते.

ए-४ आकाराचा कागद उभा मधोमध दुमडा. १०५ मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच पट्टी मिळेल. तिच्यावर वरून तीन-चतुर्थांश अंतरावर आडवी रेघ मारा. त्या रेघेच्या वरचा भाग म्हणजे बोटानं न सरकवता फोनवर दिसणारा भाग, ढोबळमानानं. खाली कागद जोडत गेलात तरी चालेल, वर मात्र जोडता येणार नाही. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारस अशी आहे की बोट लावायची जागा निदान ४८ डीपी असावी, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटर. आपली पट्टी खऱ्या फोनच्या दीडपट रुंद आहे, म्हणून कागदावर प्रत्येक बटण किमान दीड सेंटीमीटर उंच काढा. पट्टी घेऊन खरंच मोजा. असं मोजून काढलं की वरच्या भागात किती कमी मावतं ते पाहून धक्का बसतो, आणि तो धक्का कागदावरच बसलेला बरा.

आता होमपेज.

सगळ्यांत वर एका पट्टीत वाचनालयाचं नाव आणि उजवीकडे मेनूचं बटण. लोगो नावाशेजारी, लहान. ही पट्टी कागदावर दोन सेंटीमीटरपेक्षा उंच झाली तर थांबा. बाकीच्यांची जागा खाल्ली जातेय.

त्याखाली एक ओळ: 'आज सायं. ५ ते ८ उघडे.' काउंटरवरच्या यादीतला पहिला प्रश्न हाच होता, म्हणून पहिली जागा त्याची. ओळ लिहून झाली की लगेच प्रश्न उभा राहतो, हे रोज बदलणार कोण? वारानुसार ठरलेली वेळ आपोआप दाखवणं डेव्हलपरला सोपं आहे. पण गणेश विसर्जनाच्या दिवशी? मतदानाच्या दिवशी? ग्रंथपाल अचानक आजारी पडले तर? इथे तीन मार्ग आहेत. वर्षाच्या सुट्ट्यांची यादी जानेवारीतच भरून ठेवायची, आणि अवचित बंद राहण्यासाठी ग्रंथपालांच्या फोनवरून दाबता येईल असं एक 'आज बंद' बटण मागून घ्यायचं. किंवा 'आज' हा शब्दच काढून टाकायचा आणि फक्त साप्ताहिक वेळापत्रक व फोन नंबर द्यायचा. तिसरा मार्ग म्हणजे 'आज उघडे' असं लिहून ठेवायचं आणि कुणीच बदलायचं नाही. बहुतेक वेबसाइट्स याच मार्गानं जातात. ज्या संस्थेत फोनवरून बटण दाबणारा माणूस नक्की नाही, तिथे मी दुसरा मार्ग सुचवतो.

वायरफ्रेमचा मला सर्वांत मोठा वाटणारा उपयोग इथे आहे. प्रत्येक चौकट म्हणजे कुणीतरी अंगावर घेतलेलं काम असतं. रंगीत चित्रात ते दिसत नाही, कारण तिथे चौकट भरलेली असते, तीही डिझायनरनं मनानं रचलेल्या मजकुरानं.

वेळेखाली शोधाची पेटी: 'पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव लिहा' आणि शेजारी 'शोधा'. कागदावर हा दोन सेंटीमीटरचा आयत. प्रत्यक्षात अख्ख्या वेबसाइटमधलं हे सर्वांत जड काम. पुस्तकांची यादी संगणकावर आहे का? असेल तर कशात? कोहा किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय अशी ग्रंथालयाची प्रणाली आधीच वापरात असेल तर तिची शोधसोय वेबसाइटला जोडता येण्याची शक्यता असते. पण पुष्कळ ठिकाणी यादी एक्सेलमध्ये असते, आणि तीही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. वाचायला मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती भलत्याच अक्षरांची रांग असते. त्या यादीत शोधपेटीला काहीही सापडणार नाही. आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागेल, तपासावी लागेल, आणि त्याला वेळ व पैसा लागेल. शिवाय लोक लिहितात कसे? कुणी 'पु. ल. देशपांडे', कुणी 'पु.ल.', कुणी 'पुल', कुणी रोमन लिपीतच. हे सगळं डेव्हलपरशी आता बोलून घ्या. यादी तयार व्हायला सहा महिने लागणार असतील तर शोधपेटी पहिल्या टप्प्यातून काढा आणि तिच्या जागी 'पुस्तक आहे का ते विचारा' असं व्हॉट्सअॅपचं बटण ठेवा. अपुऱ्या यादीवर चालणारी शोधपेटी वाईट, कारण असलेलं पुस्तकही 'नाही' म्हणून सांगते.

तिसरी चौकट सभासदत्वाची. मथळा 'सभासद व्हा'. खाली वर्गणी, अनामत आणि लागणारी कागदपत्रं, आकड्यांसकट. 'अधिक माहितीसाठी येथे क्लिक करा' नको. आकडाच ती माहिती आहे. याच जागी वर्षातले काही आठवडे दिवाळी अंकांच्या योजनेची चौकट यायला हवी. पैसे एकदा भरून पुढचे काही महिने अंक बदलून नेता येतात, आणि योजना जाहीर झाली की बरीचशी चौकशी तिचीच असते. म्हणून वायरफ्रेमवर या जागी 'हंगामी' असं लिहा आणि दोन्ही रूपं काढा: योजना चालू असताना आणि नसताना. नसताना तिथे रिकामा खड्डा दिसता कामा नये, आणि आषाढात गेल्या दिवाळीची जाहिरातही दिसता कामा नये.

मग अभ्यासिका, पत्ता, फोन. फोन नंबर चित्रात नको, बोट लावताच लागेल असा हवा. या सगळ्याखाली इतिहास: वाचनालयाच्या जुन्या इमारतीचा एक फोटो, दोन ओळी, आणि 'आमच्याविषयी' पानाची वाट. अध्यक्षांचं मनोगत त्या पानावर.

खरा मजकूर लिहा

वायरफ्रेममध्ये मजकुराच्या जागी नागमोडी रेघा काढायची पद्धत आहे. संगणकावर काढणारे 'लोरेम इप्सम' ओततात. हा सिसेरोच्या ख्रिस्तपूर्व ४५ मधल्या ग्रंथातला मोडतोड केलेला लॅटिन मजकूर. आपल्याकडचे डिझायनरही तो सवयीनं वापरतात, आणि मराठी वेबसाइटचा घात तिथेच होतो. लॅटिन ओळींना वर वेलांटी नाही, खाली उकार नाही. देवनागरीत 'ट्रू'च्या खाली 'र्कीं' आलं की ओळी एकमेकींत घुसतात; ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा मोकळं ठेवावं लागतं, म्हणजे तोच परिच्छेद जास्त जागा घेतो. बटणांचंही तसंच. इंग्रजीत 'जॉइन' म्हणून भागतं, मराठीत 'सभासद नोंदणी करा' लिहिलं की अरुंद बटणात दोन ओळी होतात. हे वायरफ्रेमवर दिसलं तर बटण रुंद करता येतं, नाहीतर 'सभासद व्हा' असं सुटसुटीत करता येतं. कोडिंग झाल्यावर दिसलं तर डेव्हलपर अक्षरं बारीक करतो, आणि वाचनालयाचे ज्येष्ठ सभासद फोन नातवाच्या हाती देतात.

म्हणून मथळे, बटणं आणि मेनूतले शब्द पहिल्या दिवसापासून खरे लिहा. लांब परिच्छेद नंतर आले तरी चालेल, पण ते किती शब्दांचे असतील ते चौकटीत नोंदवा. आणि नमुन्याला नेहमी गैरसोयीचं उदाहरण घ्या. शोधाच्या निकालाची चौकट काढताना तीन अक्षरी नावाच्या कादंबरीचं उदाहरण घेतलं तर सगळं छान बसतं. उपशीर्षक, खंड क्रमांक, दोन संपादक असलेला एखादा संदर्भग्रंथ घ्या. तो बसला तर बाकीचे बसतील.

याच ओघात 'मधल्या' अवस्था काढा, कारण त्यांची आठवण कुणालाच राहत नाही. पुस्तक सापडलं नाही तर पानावर काय दिसेल? नुसतं 'निकाल नाहीत' की 'हे पुस्तक आमच्या यादीत नाही; मागवायचं असल्यास ग्रंथपालांना कळवा'? पुस्तक आहे पण वाचकाकडे गेलेलं आहे, तर? अर्ज भरताना फोन नंबरातला एक आकडा राहिला तर चूक कुठे दिसेल? अर्ज पाठवल्यावर 'धन्यवाद' म्हणून सोडून द्यायचं, की पुढे काय करायचं तेही सांगायचं? प्रत्येकासाठी वेगळी पट्टी लागेल. पट्ट्यांचा ढीग वाढला तर वाढू द्या.

अर्जाबद्दल थोडंसं. जन्मतारीख, व्यवसाय, शिक्षण, रक्तगट असं सगळं विचारायची आपल्याकडे हौस असते. छापील अर्जातले सगळे खण वेबसाइटवर उतरवायची काही गरज नाही. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा रोखही गरजेपुरतीच माहिती मागावी असाच आहे. नाव, फोन, पत्ता. बाकी माणूस काउंटरवर आल्यावर. खणाचं नाव खणाच्या आत फिकट अक्षरांत न लिहिता खणावर लिहा, म्हणजे टाइप करायला लागल्यावर ते नाहीसं होत नाही.

साधनं

पहिली दोन-तीन रूपं पेन्सिलीनंच काढा. कागद फाडून टाकताना जीव हळहळत नाही. संगणकावर तासभर घालवलेली चौकट पुसायला मात्र मन होत नाही. नंतर सर्वांना पाठवण्यासाठी संगणकावर घ्यायची तर बाल्सामिक हे २००८ पासूनचं साधन आहे, त्यातल्या चौकटी मुद्दाम हातानं काढल्यासारख्या दिसतात. फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं आणि बहुतेक डिझायनरांना येतं. पेनपॉट आणि एक्सकॅलिड्रॉ ही मुक्तस्रोत साधनं. कोणतंही घ्या, काळा, पांढरा आणि एक करडा एवढ्यावर थांबा. तयार घटकांची भांडारं या साधनांत असतात, त्यातली गोलसर सावलीदार बटणं ओढून आणायचा मोह होतो आणि अर्ध्या तासात वायरफ्रेमचं डिझाइन झालेलं असतं. मग बैठकीत पुन्हा रंग सुरू.

बोट लावायला सांगा

मंडळाला दाखवण्याआधी ज्यांच्यासाठी वेबसाइट आहे अशा चार-पाच जणांना पट्ट्या दाखवा. याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांकडून करून घेतलेल्या चाचणीतही बहुतेक अडचणी उघड होतात. आपल्याला एवढ्या चाचणीसाठी वाचनालयाचा व्हरांडा पुरतो. एक जण पट्ट्या बदलणार, एक जण लिहिणार.

'कसं वाटतंय?' हा प्रश्न विचारू नका. 'छान आहे हो' असंच उत्तर मिळेल, माणसं भली असतात. काम सांगा. "काकू, तुमच्या मुलाला परीक्षेच्या अभ्यासासाठी इथे जागा हवी आहे. या कागदावर कुठे बोट लावाल?" आणि मग गप्प बसा. काकू वरपासून पाहतील, 'सभासद व्हा'वर बोट ठेवतील. तुम्ही सभासदत्वाची पट्टी पुढे करा. त्यात अभ्यासिकेचा उल्लेख नसेल तर त्या म्हणतील, "यात तर पुस्तकांचंच आहे, अभ्यासाला बसायचं कुठंय?" ही नोंद सोन्यासारखी आहे. त्यांच्या मनात अभ्यासिका हीसुद्धा सभासदत्वाचाच भाग आहे, तुमच्या रचनेत ती वेगळं पान आहे. सभासदत्वाच्या पट्टीवर अभ्यासिकेची एक ओळ वाढवली की प्रश्न मिटतो. त्या वेळी "नाही काकू, खाली बघा ना" असं म्हणालात तर चाचणी संपली. वेबसाइटसोबत तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी उभे राहणार नाही आहात.

चाचणीत शब्दही पारखले जातात. 'ओपॅक', 'संदर्भसेवा', 'परिसंचरण' हे ग्रंथालयशास्त्राचे शब्द मेनूत आले तर लोकांची बोटं हवेतच राहतात. काउंटरवरच्या वहीतले शब्द तिथे बसवा.

मंडळापुढे

मंडळाला वायरफ्रेम पाठवून 'अभिप्राय कळवा' म्हणू नका. समोर बसून दाखवा, आणि सुरुवातीलाच सांगा की ही वेबसाइट अशी दिसणार नाही. क्रम आणि मजकूर यांवरच आज बोलायचं आहे. तरी कुणीतरी "फारच साधं वाटतंय" म्हणेल. हसून पुढे जा.

खरी कसोटी पुढे येते. "अध्यक्षसाहेबांचा फोटो वरती हवा." इथे वाद घालण्यापेक्षा एक नियम उपयोगी पडतो: वरच्या भागात काही आणायचं तर तिथलं काय खाली न्यायचं ते आणणाऱ्यानं सांगायचं. कात्री घ्या, फोटोची चौकट कापा, वेळेच्या ओळीवर ठेवून दाखवा. वेळ, शोध आणि सभासदत्व यांपैकी काय रेघेखाली ढकलायचं असा प्रश्न समोर कागदावर मांडला की बहुतेक अध्यक्ष स्वतःच म्हणतात, "राहू दे, आतल्या पानावर घ्या." सगळेच म्हणतात असं नाही. तेव्हा मात्र फोटो लहान करून नावाच्या पट्टीत बसवणं हा तोडगा निघतो, आणि तो घ्यावा. संस्थेत काम करायचं तर तेवढं चालायचंच.

सरकत्या फोटोंच्या स्लाइडरची मागणीही नक्की येते. त्यामागचं कारण बहुधा एकच असतं: कोणता फोटो वर ठेवायचा यावर एकमत झालेलं नसतं, म्हणून सगळेच आळीपाळीनं. फोनवर दुसऱ्या-तिसऱ्या फोटोपर्यंत थांबायला कुणाला वेळ नसतो. एक फोटो निवडायला लावा.

या बैठकीतच शेवटच्या कागदावर तीन रकान्यांचा तक्ता करा: चौकट, मजकूर कोण देणार, कितीदा बदलणार. वेळापत्रक ग्रंथपालांकडे, वर्षातून एकदा. नव्या पुस्तकांची यादी लेखनिकाकडे, महिन्यातून एकदा. 'बातम्या' या चौकटीपुढे 'सर्वजण' असं लिहिलं गेलं तर ती चौकट खोडा. दोन वर्षांपूर्वीच्या वर्धापनदिनाची बातमी होमपेजवर असली की येणाऱ्याला वाटतं वाचनालयच बंद पडलं. मंजूर झालेल्या कागदांवर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक घाला, पदाधिकाऱ्यांची सही घ्या. डेव्हलपरकडून दरपत्रक मागवताना हेच कागद जोडा. 'सहा पानी वेबसाइट' एवढ्यावर आलेल्या दोन दरपत्रकांची तुलना करता येत नाही, कारण एकानं शोधपेटी धरलेली असते आणि दुसऱ्यानं नसते.

मोठ्या स्क्रीनची वायरफ्रेम आता काढा, ती लवकर होते. मोबाइलवर एकाखाली एक आलेल्या चौकटींतल्या काही शेजारी येतील: डावीकडे शोध आणि सभासदत्व, उजवीकडे वेळ आणि पत्ता. मेनू बटणामागे न लपवता उघडा ठेवा. परिच्छेद स्क्रीनभर ताणू नका, वाचताना ओळ चुकते. रिकामी जागा दिसली की ती भरायची सूचना येईल. जुने कागद दाखवा, यादीतलं सगळं आलेलं आहे.

प्रत्येक कामाला एवढं सगळं हवंच असं नाही. एकाच पानाची वेबसाइट असेल, किंवा तयार थीम जशीच्या तशी वापरायची असेल, तर कोऱ्या फाइलमध्ये मजकूर वरपासून खालपर्यंत हव्या त्या क्रमानं लिहून काढला तरी तीच तुमची वायरफ्रेम झाली. आणि वायरफ्रेमला न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. जुन्या वाचनालयाचा भारदस्तपणा, मुलांच्या विभागाचा खेळकरपणा, फोटोंचा जिव्हाळा हे चौकटींत येत नाही. ते डिझायनरचं काम आहे. म्हणून त्याला कागद देताना काय हलवायचं नाही आणि काय हलवलं तरी चालेल ते खुणा करून द्या. आपल्या वाचनालयात वेळेची ओळ, शोध आणि सभासदत्व यांचा क्रम पक्का. इतिहासाचा फोटो किती मोठा, तो पानभर पसरवायचा की कडेला ठेवायचा, चौकटींना कडा हव्यात की नकोत, हे सगळं त्याच्यावर सोडा. सोबत काउंटरवरच्या प्रश्नांच्या वहीची झेरॉक्सही द्या. चांगला डिझायनर ती वाचून तुमच्या चौकटींपेक्षा बरी मांडणी सुचवू शकतो. तशी सुचवली तर तीही आधी दुमडलेल्या कागदावर काढून घ्या आणि पुन्हा दोघा-चौघांना बोट लावायला सांगा.